सात ओळींची जागा

९ डिसेंबर, सकाळ

प्रिय खारू,

पत्र पाहून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर आपलं "बरी आहेस ना?", "बरी आहे, तू?", "मीही बरीच" एवढं होतं आणि पुढे दोघींनाही काही सुचत नाही, म्हणून कागद घेतला. कागदाला मधेच "बरं, ठेवते" म्हणता येत नाही.

बातमी अशी की आपलं साप्ताहिक बंद होतंय. अठ्ठावीसचा वर्षअखेरचा जोडअंक शेवटचा. संपादकांनी काल सगळ्यांना बोलावून सांगितलं. सगळे म्हणजे मी, जाहिराती आणणारी मुलगी आणि पानं लावणारे तुझे फूटपट्टीकाका. संपादक बराच वेळ बोलले, काळ बदलला, लोक फोनवरच वाचतात वगैरे. फूटपट्टीकाका खिशातली स्टीलची पट्टी काढून टेबलाची कड मोजत बसले होते. त्या टेबलाची लांबी त्यांना तीस वर्षं पाठ आहे, तरी मोजत होते.

शेवटी संपादक मला म्हणाले, "बाई, यंदाचं 'सरता सरता' झकास होऊ द्या. लोक त्यासाठीच अंक घेतात." हे ते दरवर्षी म्हणतात आणि मी दरवर्षी फुशारते. वर्षाच्या या आढाव्याचा मजकूर सोळा तारखेला हवा. छापखाना वर्षअखेरीला सुट्टीवर जातो, म्हणून वर्ष संपायच्या पंधरा दिवस आधीच मला ते संपवून द्यावं लागतं, तुला माहीतच आहे. आधी सिनेमा-नाटक, मग खेळ, मग गल्लीतल्या उचापती. आणि सगळ्यात शेवटी तुझ्या बाबांवरचा तो परिच्छेद, 'घरचा प्रेक्षक'. तो गेली दोन वर्षं नसतो. त्या जागी आता शब्दकोड्याचं उत्तर छापतात.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या अंकाबद्दल मी इथे अक्षरही लिहिणार नाही, असं ठरवूनच बसले आहे. तो अंक आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू गेलीस आणि त्यानंतर घरी आली नाहीस, एवढं लिहिते आणि पुढे जाते.

तर गल्लीतली वर्षातली सर्वात मोठी घडामोड म्हणजे बस थांबा चाळीस पावलं पुढे सरकला. कारण कुणालाच ठाऊक नाही. नवीन थांब्याला छप्पर आहे, बाक आहे, वेळापत्रकही आहे. पण आपली सगळी म्हातारी मंडळी अजून जुन्याच जागी, उन्हात, शिस्तीत उभी राहतात. आपल्या फुटबॉल संघाचा गोलकीपर तीच बस चालवतो. तो बिचारा दोन्हीकडे थांबतो. वाण्याने दुकानात माल आपला आपण मोजून घ्यायचं यंत्र बसवलं. त्या यंत्रासमोर कुणीही नसतं आणि वाण्यासमोर रांग लागलेली असते. यंत्र "कृपया पुढे या" असं दर मिनिटाला म्हणतं. परवा दुपारी दुकानात मी एकटीच होते, तेव्हा मला त्याची दया आली आणि मी पुढे गेले. एक साबण घेतला. त्याने माझे आभार मानले.

हे कॉलमात घालू का? घालते.

तुझी,
आई


१२ डिसेंबर, दुपार

खारू,

आधीचं पत्र अजून टेबलावरच आहे. पाकीट मिळालं नाही असं मी स्वतःला सांगितलं. पाकिटं टेबलाच्याच खणात आहेत.

आज सिनेमाचा भाग लिहायला घेतला. आपल्या थिएटरचे दोन पडदे होते ना, त्यातला धाकटा गेला. तिथे आता सोफ्यांचं दुकान आहे. उतरती जमीन त्यांनी तशीच ठेवलीय, त्यामुळे सगळे सोफे एकाच दिशेला बघत मांडलेत आणि मागचे पुढच्यांपेक्षा उंचावर आहेत. मी बुधवारी दुपारी थोरल्या पडद्याला गेले. प्रेक्षक चौघे. त्यातला एक झोपायला आला होता, तसं त्याने तिकीट फाडणाऱ्याला सांगितलंही. सिनेमा बरा होता. भांडलेले बापलेक शेवटी विमानतळावर भेटतात. नेहमी विमानतळावरच का भेटतात कोण जाणे, घरी बेल वाजवून भेटायला काय हरकत आहे.

घरी बेल वाजवून भेटायला काय हरकत आहे, हे वाक्य मी कॉलमातून काढलं. इथे राहू दे.

टीव्हीवरच्या त्या मालिकेतल्या नायिकेची स्मृती यंदा तिसऱ्यांदा गेली. समोरच्या घरातल्या आजी म्हणतात, "हिला एकदा नीट डॉक्टरला दाखवा म्हणावं." मी ती मालिका रोज बघते, कारण तेव्हा आजींच्या घरातही तीच चालू असते आणि दारातून तोच आवाज येतो. दोन घरांत एकच माणूस बोलतंय असं वाटतं. संध्याकाळचा तेवढा अर्धा तास मला बरा जातो.

नाट्यस्पर्धेत यंदा आपल्या वाचनालयाच्या मंडळाने भाग घेतला. दुसऱ्या अंकात दाराची चौकट पडली. ग्रंथपाल नायक होते, त्यांनी ती उरलेला अंक एका हाताने धरून ठेवली आणि त्याच हाताने मारायचा ठोसा दुसऱ्या हाताने मारला. परीक्षकांनी त्यांना अभिनयाचं बक्षीस दिलं. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मला शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून काहीतरी बोलायचं होतं. दोन वेळा वळले.

तू आता पोहायला शिकवतेस ती मुलं केवढी आहेत? मागे तुझ्या मेसेजमध्ये "लहानांची बॅच" असं होतं. लहान म्हणजे किती लहान ते मी विचारलं नाही, तुला वाटेल हिला लिहायला काहीतरी हवंय. खरंच नुसतंच विचारते आहे.

आई


१५ डिसेंबर, सकाळ

खारू,

उद्या मजकूर द्यायचा आहे आणि खेळाचा भाग कोरा आहे. आता तुला एक गोष्ट सांगते, ती संपादकांनाही माहीत नाही. वीस वर्षं लोक माझ्या खेळाच्या परिच्छेदांचं कौतुक करत होते. बाई असून काय बारकाईने बघतात, म्हणायचे. त्यातलं एक अक्षर माझं नव्हतं. बाबा टीव्हीसमोरच्या खुर्चीतून बोलायचे आणि मी स्वयंपाकघरातून ऐकून उतरवायचे. "या पोराला पाय आहेत, डोकं घरी विसरलाय" हे त्यांचं. "पंचांचं लक्ष चेंडू सोडून सगळीकडे असतं" हेही त्यांचंच. मी फक्त त्यांच्या शिव्या गाळायचे. आणि त्याच्या बदल्यात शेवटच्या परिच्छेदात त्यांची टिंगल करायचे, की घरच्या प्रेक्षकाने यंदा खुर्चीतून न उठता चार प्रशिक्षक बडतर्फ केले वगैरे. त्यांना तो परिच्छेद फार आवडायचा. वाण्याकडे, बसमध्ये लोक विचारायचे, "काय घरचे प्रेक्षक, यंदा कोण जिंकणार?" आणि ते मान ताठ करून सांगायचे. तुला वाटायचं मी त्यांना हसवायचं साधन करते. तू ते बोललीसही. पण त्यांनी स्वतःच मला सांगून ठेवलं होतं, "मला वगळलंस तर बघ."

तर काल मी अंतिम सामन्याला स्वतः मैदानावर गेले. कागद-पेन घेऊन पायऱ्यांवर बसले. आपला संघ हरला. गोलकीपरने तीन चेंडू अडवले आणि चौथ्याच्या वेळी तो चुकीच्या बाजूला झेपावला. शेजारी कोणीतरी म्हणालं, "दोन्ही थांबे घ्यायची सवय." हे वाक्य मी लगेच लिहून घेतलं आणि मग मान वर करून पाहिलं तर ते दातांचे डॉक्टर होते, आपल्या तिसऱ्या मजल्यावरचे.

त्यांनी मला पाहिलं तसे ते उठून जायला लागले. तीन वर्षं ते माझ्याशी असेच वागतात. लिफ्टमध्ये मी असले तर जिन्याने जातात. मी म्हटलं, "डॉक्टर, बसा. ऑफसाइड म्हणजे काय ते सांगा मला." ते बसले. डाव्या हाताची बोटं खेळाडू आणि उजव्या हाताचा अंगठा चेंडू करून त्यांनी मला समजावलं. मला कळलं नाही. मी कळलं म्हटलं.

मग ते म्हणाले, "बाई, माझ्या मनात खरंच काही नव्हतं हो. अंक मी खालीच पेटीतून काढला, जिन्यात वाचत वर आलो. तुमच्याकडे भेटायलाच येत होतो. वाचता वाचता हसू आलं. वर येईपर्यंत लक्षातच आलं नाही की आपण कोणाकडे निघालोय आणि कोणाबद्दल वाचतोय." चेंडू झालेला अंगठा त्यांनी मुठीत मिटला. "तुमच्या मुलीने दार उघडलं तेव्हा मी हसत होतो."

मी त्यांना म्हटलं, "ते लोकांनी हसावं म्हणूनच लिहिलेलं होतं." मला त्यांचं ओझं कमी करायचं होतं, पण ते काही कमी झालं नाही. यंदा ते बुद्धिबळाच्या स्पर्धेत पहिले आले आहेत. मी कॉलमात लिहिणार आहे की समोरच्याने तोंड उघडल्याशिवाय त्यांना पुढची चाल सुचत नाही.

बघ, पुन्हा तेच करते आहे मी.

आई


१९ डिसेंबर, दुपार

खारू,

मजकूर सोळालाच दिला. संपादक म्हणाले, "झकास." मला तो झकास वाटला नाही, पण शेवटच्या खेपेला कोण वाद घालणार. तो विषय वेगळा.

आज अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात फूटपट्टीकाका. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "या ना आत, भाऊजी." ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे. म्हणाले, "आत येत नाही, वहिनी. ताईने येऊ नका म्हटलंय."

तू त्यांना त्या दिवशी रागात म्हणालीस, हे मी त्यांना सांगून पाहिलं. तीन वर्षं झाली, तीही विसरली असेल, असंही म्हटलं. ते म्हणाले, "ती विसरली असेल. मला तिने सांगितलं नाही ना, की विसरली म्हणून." मग मीच दारात खुर्च्या ठेवल्या, एक बाहेर, एक आत. मधे उंबरा. चहा दिला. खाली उतरणारे लोक आमच्याकडे बघत होते.

ते साप्ताहिक बंद झाल्यावर भावाच्या गावी जाणार आहेत कायमचे. म्हणाले, "जायच्या आधी एक काम राहिलंय." आणि खिशातून कागदाची घडी काढली.

शेवटच्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात त्यांची चौकट असते, शुद्धिपत्राची. लहानपणी तू अंक उलटा धरून आधी तीच वाचायचीस, आज कोण चुकलं बघू म्हणून. तीस वर्षांत ती चौकट त्यांनी एकदाही रिकामी सोडली नाही. कुणाच्या वाढदिवसाची तारीख, कुणाचं आडनाव, धावफलकातली एक धाव. आणि एखाद्या आठवड्यात काहीच सापडलं नाही, तर 'गेल्या अंकात चूक आढळली नाही' असं छापायचे, आणि ते छापताना जरा नाराजच असायचे. त्यांचं म्हणणं, चूक सगळ्यांची होते, पण ती सांगितली की मिटते.

मी घडी उघडली. त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'तीन वर्षांपूर्वीच्या वर्षअखेरच्या अंकात, सरता सरता या सदरातील शेवटचा परिच्छेद पान लावणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे काढायचा राहून गेला. त्यामुळे एका कुटुंबास दुःख झाले. पान लावणारा त्यांची क्षमा मागतो.'

"माझ्या नावावर एवढी एकच चूक छापायची राहिलीय," ते म्हणाले. "अंक बंद व्हायच्या आत ती गेली म्हणजे ताईला पण वाचता येईल. तिला एक अंक पाठवा."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला ठाऊक आहे."

ते म्हणाले, "मला काही ठाऊक नाही." आणि कप उंबऱ्याच्या माझ्या बाजूला ठेवून गेले.

खारू, तो कागद माझ्यासमोर आहे. सोमवारी पान छापायला जाईल. तोवर मी गप्प बसले तर तो छापून येईल आणि सगळं आहे तसं राहील. तू त्यांच्यावर रागावलेली राहशील, माझ्यावर थोडी कमी. हा विचार माझ्या मनात आला, हे तुझ्यापासून लपवत नाही.

आई


२२ डिसेंबर, सकाळ

खारू,

आज तारीख कोणती ते तुला सांगायला नको. बरोबर तीन वर्षं.

पहिल्या पत्रात मी लिहिणार नाही म्हटलं होतं ते आता लिहिते. इतक्या गप्पा मारल्या त्या हे टाळायलाच मारल्या.

बाबा रुग्णालयात होते तेव्हा सोळा तारखेला मी बाकावर बसून कॉलम पुरा केला. त्यांनीच लावला होता भुंगा. शेवटच्या परिच्छेदात मी लिहिलं की घरचा प्रेक्षक सध्या बाहेरगावी, म्हणजे रुग्णालयात, मुक्कामाला आहे, तिथल्या टीव्हीचा आवाज बंद असतो, त्यामुळे पंचांना यंदा प्रथमच शांतता लाभली आहे, नर्सबाईंना त्याने डावा बचाव कसा करावा ते शिकवलं आहे, आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा आपल्या खुर्चीत असेल, तेव्हा सर्व प्रशिक्षकांनी जपून राहावं. वाचून दाखवलं तर ते हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि नर्सने मला बाहेर काढलं. मजकूर गेला. तू एकवीसला पोचलीस. बावीसला ते गेले.

तुला आम्ही सांगितलं की पुढे त्या गडबडीत कॉलमाची कुणाला आठवणच राहिली नाही. ते खोटं आहे.

पंचवीसला दुपारी चारच्या सुमाराला फूटपट्टीकाकांचा फोन आला. घर माणसांनी भरलेलं. तू आत्याबरोबर फॉर्म भरत बसली होतीस. मी फोन घेऊन गॅलरीत गेले, दार लोटून घेतलं. ते म्हणाले, "वहिनी, पान उद्या सकाळी छापायला जातंय. शेवटचा परिच्छेद मी काढतो. तुम्ही काळजी करू नका." मी म्हटलं, "त्या जागी काय घालाल?" ते म्हणाले, "सात ओळींची जागा होते. गादीवाल्याची जाहिरात बसते बरोबर."

मी म्हटलं, "राहू द्या."

त्यांनी पट्टी खाली ठेवल्याचा आवाज फोनमध्ये आला. मग म्हणाले, "वहिनी, नक्की?"

मी म्हटलं, "आहे तसं राहू द्या."

असं झालं ते. मला चांगलं आठवत होतं. त्या तीन दिवसांत मी इतक्या कागदांवर 'मृत' लिहिलं होतं, खारू. दाखला, बँक, गॅस, फोन. प्रत्येक खिडकीवरचा माणूस विचारायचा, "तारीख?" आणि मी सांगायचे. जगात एकच कागद असा उरला होता ज्यात ते पुढच्या वर्षी खुर्चीत बसणार होते. तो मला खोडायचा नव्हता. त्यांच्या जागी गादीची जाहिरात मला सहन झाली नसती. अठ्ठावीसला आणखी एक दिवस ते कुठेतरी असावेत, एवढंच मला हवं होतं. तो अंक तूही वाचशील, दार उघडशील तेव्हा जिन्यात कोणी हसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी फक्त माझा विचार केला.

मग काका आले. तू अंक त्यांच्यासमोर धरलास आणि विचारलंस, "हे कसं छापलंत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचे कप गोळा करत होते. मी कप गोळा करत राहिले. ते म्हणाले, "माझ्याकडून राहिलं, बाळ." तू म्हणालीस, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका छापता आणि ही दिसली नाही? पुन्हा या घरात येऊ नका." ते गेल्यावर तू माझ्याकडे वळलीस. "आणि तू? तुला एक फोन करता आला नाही?" मी म्हटलं, "लक्षात राहिलं नाही गं."

"बाबा गेले हे तुझ्या लक्षात राहिलं नाही?" एवढंच विचारलंस तू आणि बॅग भरायला घेतलीस.

तेव्हाच खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस मला माहीत नाही. कदाचित आणखी चिडली असतीस. पण ज्या गोष्टीसाठी तू गेलीस ती घडलीच नव्हती. मी त्यांना क्षणभरही विसरले नव्हते. आणि एक भला माणूस तीन वर्षं आपल्या उंबऱ्याबाहेर उभा आहे, माझ्यामुळे. मला लाज वाटते. तुझी आठवण येते. दोन्ही रोज.

आज सकाळी नऊला मी कार्यालयात गेले. काका पान लावत होते. मी त्यांचा कागद परत दिला आणि माझा दिला. त्यांनी वाचला, पट्टी लावून मोजला. म्हणाले, "वहिनी, चौकटीत बसत नाही. मोठा आहे." मी म्हटलं, "मग कोड्याचं उत्तर काढा." त्यांनी उत्तराच्या जागेला पट्टी लावली. मग म्हणाले, "बसेल."

आई


२८ डिसेंबर, संध्याकाळ

खारू,

अंक आला. सोबत ठेवते आहे, आणि आधीची पाचही पत्रं. एकाच पाकिटात कोंबली आहेत, जाड झालंय, टपालवाला कुरकुरेल.

आज अंक आला तेव्हा मी स्वतः खाली गेले आणि पेटीतून काढला. दातांचे डॉक्टर खालीच उभे होते, वाचून झालं होतं त्यांचं. हसत नव्हते. म्हणाले, "माझी चाल बरोबर पकडलीत." मग लिफ्टमध्ये माझ्याबरोबर आले. समोरच्या आजींनी सांगितलं की त्यांना साबणाच्या यंत्राची गोष्ट फार आवडली. गोलकीपरने बसमधून हात केला. जुन्या थांब्यावरच्या मंडळींनी संपादकांना निवेदन द्यायचं ठरवलंय की अंक बंद करू नका. निवेदनाची बातमी कुठे छापणार, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही.

काका परवाच्या गाडीने भावाकडे जातात. त्यांचा फोन नंबर अंकाच्या मागे पेन्सिलीने लिहिला आहे. तू त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यासाठी काही सांगू नकोस, जमलं तर त्यांच्यासाठी सांग.

तू अंक उलटा धरशील हे मला माहीत आहे. तरी नजरेतून सुटू नये म्हणून शेवटच्या पानावरचं इथेच उतरवून देते. सरता सरता या सदराच्या तळाशी, जिथे 'घरचा प्रेक्षक' असायचा, तिथे आहे.

'शुद्धिपत्र. तीन वर्षांपूर्वी याच जागी असे छापले होते की घरचा प्रेक्षक पुढच्या वर्षी आपल्या खुर्चीत असेल. अंक निघाला तेव्हा तो हयात नव्हता. पान लावणाऱ्यांनी मजकूर काढण्याविषयी वेळेवर विचारले होते. राहू द्या असे लेखिकेने सांगितले. चूक सर्वस्वी लेखिकेची आहे. ती विसरली नव्हती.'

मोजून बघ, सात ओळी आहेत. काकांनी बसवल्या.

आता पुढचा अंक नाही आणि चौकटही नाही. तेव्हा यात काही चुकलं असेल तर ते तुलाच कळवावं लागेल. फोनने, पत्राने, नाहीतर येऊन. बेल चालू आहे.

आई